रस्ता बांधला, पण चालवायचा कोणी?

पुण्याच्या रस्त्यांचा विषय निघाला की दोन माणसं हमखास समोरासमोर येतात. एक म्हणतो, रस्ते रुंद करा, पूल बांधा, मेट्रो वाढवा. दुसरा म्हणतो, आधी चालायला फुटपाथ द्या आणि वेळेवर बस सोडा. सभांमध्ये, सोसायट्यांच्या बैठकांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा वाद मी ऐकत आलो आहे. दोन्ही बाजूंकडे खरं सांगण्यासारखं काही आहे, पण वाद चढत जातो तसं ते एकमेकांच्या कानापर्यंत पोचत नाही. म्हणून ते इथे मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातलं आहे. भाऊजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. आयुष्यभर रस्ते आणि पूल बांधले, राहायला कोथरूडला. त्यांच्या वहिनी धनकवडीला राहतात, पुणे स्टेशनजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि ड्यूटीला पीएमपीच्या बसने जातात. माणसं कल्पित असली तरी ज्या रस्त्यांवरून त्यांचा वाद आहे ते रस्ते खरे आहेत.

भाऊजी : वहिनी, बसबद्दलचा तुमचा आग्रह मला समजतो. पण हे शहर वाढलं कसं ते बघा. आजूबाजूची गावं पोटात घेत ते चारही दिशांना पसरलं. एकाच घरातला नवरा हिंजवडीला कामाला, बायको कॅम्पात, मुलाची शाळा तिसरीकडे. कोणती एक बस त्यांना नेणार? म्हणून त्यांनी दुचाक्या घेतल्या. लाखो लोकांनी विचार करून घेतलेला निर्णय आहे तो. आपलं काम त्यांची वाट मोकळी करण्याचं.

वहिनी : विचार करून घेतला हे खरं, पण निवडायला पुढ्यात दुसरं होतं काय? त्या निर्णयाची किंमत मी वॉर्डात बघते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. हे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत. म्हणजे दर तिघांतले जवळपास दोघे एकतर दुचाकीवर होते, नाहीतर पायी. जे वाचतात त्यांच्या मांडीत रॉड घालतात. सहा-सहा महिने कामाला जाता येत नाही, गाडीचा हप्ता मात्र चालूच असतो. चांगली बस असती तर यांतल्या कितीतरी जणांनी गाडी घेतलीच नसती.

भाऊजी : मग रस्ते जास्त सुरक्षित करू. रुंद करू, मध्ये दुभाजक घालू.

वहिनी : रुंद रस्ता पायी ओलांडून बघितलात का अलीकडे? माझा प्रवास ऐका. घरातून निघाले की पहिल्या पन्नास पावलांतच फुटपाथ संपतो. पुढे विजेचा डीपी, मग गाड्या धुतलेलं पाणी, मग दुकानासमोर लावलेल्या दुचाक्या. मी रस्त्यावर उतरते. थांबा पलीकडे आहे, म्हणून सातारा रस्ता ओलांडायचा. मग बसची वाट बघायची, मग बस, मग उतरल्यावर पुन्हा एक रस्ता आणि पुन्हा तसलाच फुटपाथ. प्रत्यक्ष बसमध्ये मी बरी असते. जीव दमतो तो बसच्या आधी आणि बसच्या नंतर. तुमच्या खात्यात या दोन टोकांचा हिशेब कधी झाला?

भाऊजी : सिग्नलचा हिशेब होतो. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं आम्ही धरतो. तीस मीटरचा रस्ता असेल तर पंचवीस सेकंद.

वहिनी : माझ्याकडे गुडघ्याची जी पेशंट येते तिला चाळीस लागतात. तिनं काय करायचं?

भाऊजी : तिच्यासाठी पादचारी पूल, भुयारी मार्ग.

वहिनी : म्हणजे जिचे गुडघे गेलेत तिनं दोन मजले चढायचे आणि उतरायचे, कशासाठी, तर गाडीवाल्याला थांबावं लागू नये म्हणून? मुंबईत २००८ पासून स्कायवॉक बांधले. स्टेशनच्या पुलाला जोडलेले, गर्दीचे काही चालले. पण जिथे लोकांना आधी वर चढून मग खाली उतरावं लागतं तिथे ते खालूनच जातात. आपल्याकडे भुयारी मार्ग संध्याकाळनंतर बाई एकटी वापरत नाही. चालणाऱ्याचा रस्ता जमिनीवरच हवा.

भाऊजी : सगळीकडे नाही. कात्रज–देहू रोड बाह्यवळणावर, जिथे मालट्रक उतारानं वेगात येतात, तिथे माणसाला जमिनीवरून ओलांडू देणं म्हणजे त्याला मारणं आहे. तिथे भुयार किंवा पूलच पाहिजे.

वहिनी : तिथे मान्य. पण सातारा रस्ता हा महामार्ग राहिलेला नाही. दोन्ही बाजूंना घरं, शाळा, दवाखाने, भाजीबाजार आहे. तिथे रस्त्याच्या मध्यात उभं राहायला पुरेशी जागा द्या, म्हणजे ती बाई अर्धा रस्ता एकदा आणि अर्धा दुसऱ्यांदा ओलांडेल. ओलांडायची पट्टी फुटपाथच्या उंचीला आणा, म्हणजे गाडी आपोआप हळू होईल. यात पूल बांधण्याइतका खर्च नाही.

भाऊजी : सातारा रस्त्याचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. तुम्हाला हवी असलेली गोष्ट त्याच रस्त्यावर करून झाली आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळा राखलेला मार्ग, सुरू झाली. देशात असा प्रयोग करणाऱ्या पहिल्या शहरांत पुणे होतं. काय झालं? मधल्या थांब्यापर्यंत पोचताना लोक गाड्यांखाली आले, बसच्या मार्गात दुचाक्या घुसल्या, रिक्षा घुसल्या. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये पुन्हा केली, ती काही वर्षांत काढून टाकायला सुरुवात झाली. दिल्लीनेही आपली बीआरटी २०१६ मध्ये मोडली. एकदा नाही, दोनदा नाही, लोकांनी ती नाकारली आहे.

वहिनी : मी त्या मार्गावरची प्रवासी आहे, भाऊजी. लोकांनी नाकारली असं तुम्ही म्हणता, त्या लोकांत मी धरलेली नाही. बस मोकळ्या मार्गानं जायची तेव्हा स्वारगेट कधी आलं कळायचं नाही. जे बिघडलं ते कुठे बिघडलं ते तुम्हीच सांगितलंत. थांबा रस्त्याच्या मध्यात नेला, पण तिथपर्यंत जायची सुरक्षित वाट केली नाही. बसचा मार्ग आखला, पण तो मोकळा ठेवायला माणूस ठेवला नाही. वॉर्डन होते ते काही महिने होते. काही ठिकाणी चौकाच्या आधीच मार्ग संपायचा आणि बस पुन्हा त्याच गर्दीत शिरायची. अर्धा बांधलेला पूल कोणी वापरला नाही, तर तुम्ही लोकांना दोष द्याल का?

भाऊजी : अहमदाबादने २००९ मध्ये केली, ती चालली. पिंपरी-चिंचवडने दापोडी–निगडी मार्ग २०१८ मध्ये सुरू केला. म्हणजे अशक्य नाही हे मलाही ठाऊक आहे. पण पुण्यातला रस्ता तेवढा रुंद कुठे आहे? आणि शिस्त? आपल्याकडे शिस्त नाही, वहिनी.

वहिनी : याच गावातला माणूस मेट्रोत रांगेत उभा राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटची मेट्रो सुरू झाल्यापासून मी कधी कधी तीही घेते. जिल्हा न्यायालयाला उतरून गाडी बदलायची आणि स्टेशनला जायचं. तिथे कोणी थुंकत नाही, कोणी घुसत नाही. माणसं तीच. फरक एवढाच की तिथे जागा नीट आहे, गाडी येणार हे ठाऊक आहे आणि लक्ष ठेवायला माणूस आहे.

भाऊजी : हा मुद्दा मी टिपून ठेवतो. पण मला सांगा, तुम्हाला बसची सगळ्यात मोठी तक्रार काय? गर्दी?

वहिनी : गर्दी सोसते. भरवसा नाही, ते सोसत नाही. सकाळची सातची ड्यूटी असते. माझ्या आधीची सिस्टर रात्रभर जागी असते, मी पोचल्याशिवाय ती हलू शकत नाही. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकामागून एक तीन येतात, पहिली गच्च भरलेली आणि तिसरी रिकामी. डेपोवाले म्हणतात, आम्ही वेळेवर सोडल्या. मग रस्त्यात होतं काय?

भाऊजी : याचं उत्तर सोपं आहे, आणि ड्रायव्हरचा त्यात दोष नाही. दर दहा मिनिटांनी बस सोडली असं समजा. एक बस वाटेत पाच मिनिटं अडकली. पुढच्या थांब्यावर तोवर जास्त माणसं जमली. ती चढायला जास्त वेळ लागला, बस आणखी मागे पडली. तिच्या मागची बस मात्र रिकाम्या थांब्यांवरून भराभर येते आणि तिला गाठते. मग दोघी जोडीनं फिरतात. बसची संख्या तीच, पण नीट अंतरानं आल्या असत्या तर प्रवाशाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागलं असतं. दोन-दोन जोडीनं वीस मिनिटांनी आल्या तर दहा. बस एकही कमी झाली नाही आणि थांबणं दुप्पट झालं.

वहिनी : आणि अडकते कशात? समोर उभ्या केलेल्या गाडीत, चौकातल्या कोंडीत, थांब्यावर लावलेल्या रिक्षांत. म्हणजे रस्ता नीट नसेल तर बस वाढवूनही उपयोग नाही, असंच ना? अजून एक विचारते. बसचा वेग वाढला तर पीएमपीला काय फायदा?

भाऊजी : थांबा, कागदावर मांडू. दहा किलोमीटरचा मार्ग घ्या. ताशी बारा किलोमीटर वेगानं एका बाजूला पन्नास मिनिटं. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं विश्रांती. म्हणजे जाऊन-येऊन दोन तास. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर बारा बस लागतील. आता तिला मोकळा मार्ग दिला आणि वेग ताशी वीस झाला. एका बाजूला तीस मिनिटं, दहा विश्रांतीची, जाऊन-येऊन ऐंशी मिनिटं. आठ बस पुरतात.

वहिनी : चार बस वाचल्या.

भाऊजी : चार बस, त्यांचे चालक, वाहक, इंधन. त्या दुसऱ्या मार्गावर सोडता येतील, किंवा इथेच फेऱ्या वाढवता येतील. एकही नवी बस न घेता. हे गणित मी आजवर पुलासाठी मांडत आलो, बससाठी कधी मांडलं नव्हतं.

वहिनी : हेच मला म्हणायचं आहे. दरवर्षी बातमी येते की पीएमपी तोट्यात. ती संचलनातली तूट पुणे पालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के भरते, आणि भरताना दोघींच्याही कपाळावर आठ्या. पण त्या तुटीचा एक वाटा तर रस्त्यानंच केलेला आहे. रस्ता पालिकेचा, तो मोकळा ठेवायचं कामही पालिकेचं आणि पोलिसांचं, आणि तोटा लिहिला जातो बसच्या नावावर.

भाऊजी : तूट मात्र खरी आहे, वहिनी. ती बुडाशिवायच्या रांजणासारखी होऊ शकते. म्हणून मला भांडवली कामं बरी वाटतात. एकदा पैसा घातला की वस्तू उभी राहते. मेट्रोचा पहिला टप्पा ११,४२० कोटींचा मंजूर झाला. आज तो दिसतो, त्यावरून गाड्या धावतात. स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. सुमारे साडेपाच किलोमीटर, २,९५४ कोटी. तुमच्याच दारात येणार आहे ती. बस बारा-पंधरा वर्षांत भंगारात जाते, भुयार शंभर वर्षं टिकतं. आणि ज्या रस्त्यावर तासाला हजारो माणसं एकाच दिशेनं जातात तिथे एका मर्यादेनंतर बस पुरी पडत नाही.

वहिनी : येऊ दे, मला हवीच आहे ती. पण हिशेब करा. एका किलोमीटरला पाचशे कोटींच्या वर पडले. दीड कोटीला एक बस धरली तरी त्यात साडेतीनशे बस येतात.

भाऊजी : येतात. त्या चालवायला चालक कुठून आणणार, पगार कुठून देणार?

वहिनी : तेच विचारते. बांधायला हजारो कोटी मिळतात आणि चालवायला शंभर कोटी द्यायचे म्हटलं की सगळे मागे सरतात. रुग्णालयातही हेच होतं. इमारत उभी राहते, फीत कापली जाते, मशीन येतं. ते चालवायला तंत्रज्ञ नेमायचा तर मंजुरी नाही. पेशंटला इमारतीनं बरं वाटत नाही, भाऊजी. आणि मेट्रो पूर्ण व्हायला २०२९ उजाडेल म्हणतात. तोवर माझ्या निम्म्या मैत्रिणी निवृत्त होतील. त्यांना उद्या सकाळी बस हवी.

भाऊजी : मुंबईची बेस्ट हेच सांगते, खरं तर. तिथे वर्षानुवर्षं वीज विभागाच्या उत्पन्नावर बस चालली. तो आधार गेला तेव्हा बस खंगायला लागली. २०१९ मध्ये किमान भाडं आठ रुपयांवरून पाच केलं, तेव्हा प्रवासी लाखोंनी वाढले. म्हणजे मागणी होतीच. पण स्वतःच्या बस घटत गेल्या, ठेकेदारांच्या आल्या, काही ठेकेदार काम सोडून गेले, आणि २०२५ च्या मे महिन्यात किमान भाडं थेट दहा रुपये झालं.

वहिनी : आपल्याकडेही पुढच्याच महिन्यात तेच. पाचाचे दहा झाले, दिवसभराचा पास सत्तरला गेला. माझ्या वॉर्डातली सफाईवाली मावशी दोन थांबे आता चालत येते. कोणत्या फुटपाथवरून येते, ते मी मघाशी सांगितलं. भाडं वाढवलं तेव्हा तिला कोणी सांगितलं नाही की बदल्यात बस दर दहा मिनिटांनी येईल.

भाऊजी : फुटपाथाबद्दल बोलू. पालिकेनं काहीच केलं नाही असं म्हणू नका. २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, बाकं ठेवली, झाडं वाचवली. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून लोकांना चालायला देतात.

वहिनी : जंगली महाराज रस्ता मला फार आवडतो. तिथे म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात, लहान मुलं हात सोडून पळतात. पुण्यात हे होऊ शकतं याचा तो पुरावा आहे. पण आमच्या धनकवडीत तसा एक तरी तुकडा दाखवा. आणि वर्षातून एक दिवस लक्ष्मी रस्ता मोकळा करायचा, तर बाकीच्या दिवसांचं काय?

भाऊजी : तिथले दुकानदार म्हणतात, गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येत नाही.

वहिनी : पादचारी दिनाला तिथली गर्दी बघितलीत ना? तरी मी त्यांना खोटं म्हणणार नाही. माल उतरवायला टेम्पो यायलाच हवा, पहाटे येऊ दे. वयस्कर गिऱ्हाइकाला दारापर्यंत रिक्षा हवी, तीही येऊ दे. प्रश्न फक्त दिवसभर एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचा आहे.

भाऊजी : आणि पथारीवाले? फुटपाथ रुंद केला की आठ दिवसांत तो भरतो. मग चालणारा पुन्हा रस्त्यावर.

वहिनी : रात्री दहाला ड्यूटीवरून सुटते तेव्हा थांब्याजवळच्या भुर्जीच्या गाडीचा दिवा असतो म्हणून मला तिथे उभं राहायला भीती वाटत नाही. त्यांना हाकलून फुटपाथ सुधारत नाही. २०१४ च्या कायद्यानं पथविक्रेत्यांना जागा नेमून द्यायला सांगितलं आहे. मग ती आखून द्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमात चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा आहे, हे तुमच्याच एका सहकाऱ्यानं मला सांगितलं. ती १.८ मीटर कोणालाच देऊ नका. गाडीला नाही, डीपीला नाही, फलकाला नाही, हातगाडीलाही नाही. त्याच्या बाहेर ज्याची त्याची जागा.

भाऊजी : नियम चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२५ मध्ये सांगितलं की वापरण्याजोगा फुटपाथ हा चालणाऱ्याचा अधिकार आहे, घटनेच्या एकविसाव्या कलमातला, जगण्याच्या हक्कात येणारा. अडचण कुठे होते ते मी आतून पाहिलेलं आहे. फुटपाथ पथ विभाग बांधतो. सहा महिन्यांनी पाणीपुरवठ्याचे लोक तो खणतात. मग केबलवाले. अतिक्रमण विभाग वेगळा, विद्युत विभाग वेगळा, सिग्नलची वेळ पोलिसांकडे, थांब्याची शेड पीएमपीकडे, खांब मेट्रोचे. प्रत्येकानं आपलं काम केलेलं असतं आणि फुटपाथ मात्र राहत नाही. पूल बांधताना एक कार्यकारी अभियंता नावानिशी जबाबदार असतो. पूल खचला तर चौकशी त्याची होते. फुटपाथ नाहीसा झाला तर कोणाची होते?

वहिनी : कोणाचीच नाही. वॉर्डाला एक इन्चार्ज सिस्टर असते. सलाइन संपलं, गादी ओली राहिली, पेशंट पडला, कोणत्याही कारणानं असो, विचारतात तिलाच. तसा सातारा रस्त्याला कोणी आहे का?

भाऊजी : नाही. असायला हवा, हे मी आता मान्य करतो. पण त्याच्या हातात पैसा नसेल तर तो नुसता शिव्या खाणारा माणूस होईल. पैशाचं बोला. २०१८ मध्ये पालिकेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी लावायची तर तासाला शुल्क. केवढा गदारोळ झाला! आजतागायत ते नीट अमलात आलं नाही. तुम्हीच सांगा, प्लंबरची, डिलिव्हरीच्या पोराची दुचाकी, तिच्यावरही शुल्क लावायचं? गरिबाचं वाहन आहे ते.

वहिनी : त्याच्यावर नको. मी तर म्हणेन, बस नीट होईपर्यंत कोणाही दुचाकीवर नको. पण आठ-आठ तास रस्त्यावर उभी राहणारी मोटार? ती जेवढी जागा अडवते तेवढ्यात आमच्या थांब्याची अख्खी रांग उभी राहील, आणि ती जागा फुकट आहे. मी बसचं तिकीट काढते, ती गाडी उभं राहण्याचं काढत नाही.

भाऊजी : म्हणजे आधी बस, मग शुल्क. माझा अनुभव उलटा आहे. गाडी चालवणं महाग होत नाही तोवर कोणी बसकडे बघतही नाही. आधी शुल्क लावा, लोक आपोआप बस मागतील.

वहिनी : आणि मागितल्यावर बस नसली तर? मग ते चिडून धोरण पाडतील, पुन्हा पुढची पाच वर्षं कोणी नाव काढणार नाही. लंडननं २००३ मध्ये शहराच्या मध्यभागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावलं, तेव्हा त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर होत्या. निदान एकाच दिवशी तरी करा.

भाऊजी : एकाच दिवशी हे चालेल मला. आणि त्या रस्त्यावर गोळा झालेला पैसा त्याच रस्त्याच्या फुटपाथावर आणि बसवर खर्च व्हावा. लोकांना तो डोळ्यांनी दिसला पाहिजे, नाहीतर ते देणार नाहीत.

वहिनी : पण उड्डाणपूल तुम्ही सोडणार नाही.

भाऊजी : सगळे सोडणार नाही. कात्रजच्या घाटाकडून येणारा मालट्रक शहराच्या आत यायलाच नको, त्याला बाहेरून काढायला पूल हवेत, वर्तुळाकार रस्ता हवा. ज्याला शहराशी काम नाही त्याला शहरातून का न्यायचं? हे मी शेवटपर्यंत सांगेन. शहराच्या आतल्या पुलांबद्दल मात्र विद्यापीठ चौकानं मलाही शिकवलं. तिथले पूल २०२० मध्ये पाडावे लागले, उभे राहून पुरती दोन दशकंही झाली नव्हती. पूल एका चौकातली कोंडी पुढच्या चौकात नेऊन ठेवतो, आणि रस्ता मोकळा दिसला की नव्या गाड्या त्यावर येतात. जगात सगळीकडे हेच घडलं आहे.

वहिनी : मग आपण कुठे आलो, भाऊजी?

भाऊजी : मी एका कागदावर लिहून देतो, तुम्ही सही करा किंवा खोडा. एक मुख्य रस्ता निवडायचा, समजा कात्रज ते स्वारगेट. त्याला एक जबाबदार अधिकारी, नावानिशी, पाच वर्षांसाठी, मधेच बदली नाही. बांधकामाचा पैसा आणि पाच वर्षं चालवण्याचा, झाडलोटीचा, दुरुस्तीचा पैसा एकाच निविदेत. खणायचं असेल तर त्याची परवानगी, आणि पुन्हा जसाच्या तसा करून दिल्याशिवाय कोणाचं बिल निघणार नाही. बसचा मार्ग मोकळा ठेवायला माणसं कायमची.

वहिनी : आणि मोजायचं काय? तुम्ही लोक किती किलोमीटर बांधलं ते मोजता.

भाऊजी : दर महिन्याला चार आकडे जाहीर करायचे. बसची सरासरी वाट किती मिनिटं बघावी लागली. कात्रज ते स्वारगेट बसला किती वेळ लागला. किती माणसं जखमी झाली. आणि फुटपाथची किती मीटर लांबी चालण्याजोगी आहे.

वहिनी : पाचवा आकडा घाला. सकाळी सहा ते आठ आणि रात्री नऊ ते अकरा, या वेळांत किती फेऱ्या झाल्या. दुपारच्या गर्दीत सरासरी छान निघते, आणि पाळीवर जाणाऱ्या बाया त्या सरासरीत हरवतात. सिस्टर, सफाईवाल्या, मॉलमधल्या मुली, सगळ्या.

भाऊजी : घातला. पण भुयारी मेट्रोच्या बाजूनं मी बोलत राहणार.

वहिनी : बोला. मी एवढंच विचारत राहीन की स्टेशनातून वर आलेली बाई कोणत्या फुटपाथवर पाय ठेवणार आहे.

या वादात मी वहिनींच्या बाजूचा आहे, आणि भाऊजींनी कागदावर मांडलेल्या गणितानं ती बाजू मला अधिकच पटली. बारा बसचं काम आठ बसमध्ये होतं तेव्हा रस्त्याच्या शिस्तीचा रुपया आणि बसचा रुपया वेगळे राहत नाहीत. फुटपाथ, थांबा, सिग्नल आणि बस या चार विभागांच्या चार वस्तू नव्हेत. रुग्णालयाचा वॉर्ड जसा चोवीस तास चालवावा लागतो तशी ही रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत चालवण्याची एकच सेवा आहे. आपण मात्र अजून नगरसेवकाला विचारतो की आमच्या भागात काय बांधलं. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, नाशिक-नागपूरमध्ये, मुंबई-ठाण्यात पालिकेचं पुढचं अंदाजपत्रक येईल तेव्हा प्रत्येकानं आपल्या प्रभागाच्या पानावर बोट ठेवून विचारावं : बांधून झालेलं चालवायला यात किती ठेवलंय, आणि ते चाललं नाही तर जाब कोण देणार? हा प्रश्न पुरेशा लोकांनी, पुरेशा वेळा विचारला तर सातारा रस्त्यावरच्या बाईला चाळीस सेकंद मिळवून देणं कोणत्याही पालिकेच्या आवाक्यातलं काम आहे.